एकाच कडेने टायर झिजतोय? आधी हवेला दोष देऊ नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुढचा डावा टायर आतल्या कडेला पार गुळगुळीत झालाय, मधली आणि बाहेरची नक्षी मात्र चांगली शिल्लक आहे. उजवा टायर जवळपास ठीक आहे. सरळ रस्त्यावरही स्टेअरिंग थोडं तिरकं धरावं लागतं. टायरवर ४४ (पीएसआय, म्हणजे हवेच्या दाबाचं माप) लिहिलंय म्हणून तुम्ही हवा ४० ठेवता, आणि टायरवाला म्हणतो की हवेमुळेच हे झालं, पुढचे दोन्ही टायर बदलून टाका.

डावा टायर बदलावा लागणार हे खरंच, पण तो बसवण्याआधी थांबा. ही झीज हवेची नाही. मूळ कारण तसंच ठेवून नवा टायर बसवलात, तर तोही त्याच कडेने जाईल.

हवेची चूक टायरच्या दोन्ही बाजूंना सारखी दिसते. हवा कमी असली की मधला भाग आत दबतो, भार दोन्ही कडांवर येतो आणि त्या दोन्ही झिजतात. हवा जास्त असली की मधला पट्टा आधी जातो. कमी-जास्त हवेने फक्त आतली किंवा फक्त बाहेरची कड खाल्ली, असं होत नाही. म्हणून झिजलेला टायर पाहताना पहिला प्रश्न एवढाच विचारायचा: त्याच टायरची आतली आणि बाहेरची बाजू सारखी झिजली आहे की नाही? सारखी असेल तर हवा मोजायचा गेज हातात घ्या, नसेल तर गाडीच्या सस्पेन्शनकडे, म्हणजे चाकं गाडीला जोडून धक्के झेलणाऱ्या भागांकडे वळा. याला एक अपवाद आहे. घाटातून, वळणावळणाच्या रस्त्यांवर गाडी जास्त चालत असेल तर हवा बरोबर असूनही पुढच्या टायरच्या कडा थोड्या लवकर झिजतात. पण तुमची एकाच चाकाची एकच कड गेली आहे, म्हणजे तोही प्रश्न नाही.

एका कडेची झीज येते टो आणि कॅम्बर या दोन गोष्टींमधून. वरून पाहिलं तर पुढची चाकं एकमेकांना समांतर आहेत की त्यांची तोंडं आत-बाहेर वळलेली आहेत, तो टो. समोरून पाहिलं तर चाक सरळ उभं आहे की वरून आत किंवा बाहेर कललेलं आहे, तो कॅम्बर. यातला टो टायर जास्त झपाट्याने खातो. चाक धावायच्या दिशेशी नुसतं ०.१ अंश तिरकं असेल, तर प्रत्येक किलोमीटरमागे ते साधारण पावणेदोन मीटर आडवं घासत जातं. १०,००० किलोमीटरमध्ये ही आडवी घासाघीस १७ किलोमीटरच्या वर जाते. डोळ्याला हा तिरकेपणा दिसणारही नाही.

दोन्हींतला फरक हाताने कळतो. गाडी सपाट जागी बंद करा, हँडब्रेक ओढा, स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा आणि तळहात टायरवरून आडवा फिरवा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. आधी नजरेने पाहून घ्या, कारण तारा उघड्या पडल्या असतील तर हात कापेल. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने धारदार, करवतीच्या दातांसारखं लागलं तर टो बिघडलेला आहे. बाहेरून आत येताना धार लागली तर चाकांची तोंडं बाहेर वळलेली आहेत, आणि त्यात आतली कड जाते. आतून बाहेर जाताना लागली तर याच्या उलट. दोन्ही दिशांनी सारखंच गुळगुळीत, पण एका बाजूला उतार असल्यासारखं लागलं तर कॅम्बरवर संशय घ्या.

आता तुमच्या वर्णनातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट: फक्त डावा टायर गेलाय. पुढच्या चाकांचा टो बिघडला तर गाडी सरळ धावताना तो बिघाड दोन्ही चाकांत वाटला जातो, कारण दोन्ही चाकं स्टेअरिंगला एकत्र जोडलेली असतात. त्यामुळे निव्वळ टोच्या चुकीने सहसा दोन्ही टायर थोड्याफार फरकाने सारखेच झिजतात. एकच टायर झिजतो तेव्हा त्या बाजूला काहीतरी वाकलंय किंवा ढिलं झालंय असं धरून चालावं. खड्ड्यात किंवा फुटपाथच्या कडेवर चाक जोरात आदळून लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) वाकणं, स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अब्सॉर्बरचा उभा खांब) वाकणं, लोअर आर्मचं बुश (सांध्यातलं रबर) फाटणं, बॉल जॉइंट (चाकाकडचा गोल फिरता सांधा) खिळखिळा होणं ही नेहमीची कारणं. तिरकं स्टेअरिंगही याच संशयाला बळ देतं.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी पार्ट तपासा, मग अलाइनमेंट (चाकांचे हे कोन मोजून जुळवणं), मग टायर. ढिल्या बुशवर केलेलं अलाइनमेंट मशीनवर हिरवं, म्हणजे बरोबर दिसतं आणि रस्त्यावर आल्यावर पुन्हा हलतं. मेकॅनिककडे गाडी उचलून स्टँडवर घ्यायला सांगा. चाक डावी-उजवीकडून धरून हलवल्यावर खेळ जाणवला तर टाय रॉडचं (स्टेअरिंग चाकाला जोडणाऱ्या दांड्याचं) टोक पाहायचं, वर-खाली धरून हलवल्यावर जाणवला तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. बुश नुसतं बघून कळत नाही, पहारीने आर्म दाबून पाहावा लागतो. हे तुमच्या डोळ्यांदेखत करून घ्या.

अलाइनमेंटला जाल तेव्हा चारही चाकांचं माप घ्यायला सांगा आणि आधीचा व नंतरचा, दोन्ही रिपोर्ट कागदावर मागा. बहुतेक ठिकाणी पुढचा टो जुळवून गाडी परत देतात, कारण बऱ्याच छोट्या गाड्यांत पुढचा कॅम्बर कंपनीने जुळवण्याजोगा ठेवलेलाच नसतो. पण जुळवता येत नाही म्हणून त्याचं माप बघायचं नाही असं नाही. डाव्या आणि उजव्या कॅम्बरमध्ये ठळक फरक निघाला तर काय वाकलंय ते शोधायचं, टो हलवून तो फरक झाकायचा नाही. बॅलन्सिंग, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडून सारखं करणं, हा वेगळा विषय आहे. ते विशिष्ट वेगाला स्टेअरिंग थरथरतं त्यावर उपाय आहे, कडेच्या झिजेवर नाही.

टायरवर ठिकठिकाणी खळगे पडलेले असते, म्हणजे एक ठोकळा उंच, पुढचा खोल असं, तर मी शॉक अब्सॉर्बर आणि बॅलन्सिंग बघा म्हटलं असतं. तुमच्याकडे तसं दिसत नाही.

हवेने हा टायर खाल्ला नसला, तरी ४० ची सवय मात्र सोडा. टायरच्या बाजूवर कोरलेला आकडा ही त्या टायरची कमाल मर्यादा आहे. तो टायर वेगवेगळ्या गाड्यांना बसतो, तुमच्या गाडीचं वजन त्याला माहीत नाही. तुमच्या गाडीचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर, किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या स्टिकरवर असतो, आणि तोच खरा. पुढचा-मागचा वेगळा असू शकतो, पूर्ण भरलेल्या गाडीसाठी वेगळा असू शकतो. तुम्ही म्हणाल, ४० ठेवूनही मधला पट्टा झिजलेला नाही. रेडियल टायरमधले स्टीलचे पट्टे मध्याला सहज फुगू देत नाहीत, त्यामुळे जास्त हवेची खूण उशिरा उमटते. तोवर टायरचा रस्त्याला टेकणारा भाग कमी होतो, ओल्यात पकड घटते आणि खड्ड्याचा मार टायरने सोसायचा तो सस्पेन्शनवर जातो. तुमचं बुश किंवा आर्म गेलेलं निघालं तर त्यात या ४० चा हात असू शकतो.

स्टिकरवरचा आकडा थंड टायरसाठी असतो. थंड म्हणजे गाडी किमान ३ तास उभी आहे किंवा जेमतेम दीड-दोन किलोमीटर चालली आहे. लांबून धावून आल्यावर तोच टायर ४ ते ६ पीएसआय जास्त दाखवतो. तो पाहून हवा सोडली की सकाळी टायर कमी हवेवर उभा असतो. हवामानानेही फरक पडतो, तापमान ५-६ अंश सेल्सिअसने उतरलं की साधारण १ पीएसआय कमी होतो. शिवाय धडधाकट टायरसुद्धा महिन्याला १ पीएसआयच्या आसपास हवा आपोआप गमावतो. एक बरा गेज घेऊन गाडीतच ठेवा आणि महिन्यातून एकदा सकाळी तपासा. स्टेपनी विसरू नका. हवा कमी झाल्यावर लागणाऱ्या डॅशबोर्डवरच्या दिव्यावर विसंबू नका. अमेरिकेच्या नियमात तो हवा २५ टक्के कमी झाल्यावर लागला तरी चालतो, म्हणजे ३२ च्या जागी २४ उरेपर्यंत गप्प. नायट्रोजनचा आग्रह मला पटत नाही, साध्या हवेतही ७८ टक्के तोच असतो.

आत्ताच्या टायरबद्दल. आतल्या कडेला कापडाचे धागे किंवा तार दिसत असेल तर तो आजच उतरवा आणि स्टेपनी लावा. टायर कधीही अचानक फुटू शकतो, बाहेरची नक्षी कितीही छान असली तरी. नक्षीच्या खाचांत आडवे छोटे उंचवटे असतात, ते १.६ मिलिमीटरची खूण आहे. टायरच्या रुंदीत कुठेही रबर त्या पातळीला आलं की टायर संपला असंच धरायचं.

नवे दोन टायर घेतलेत तर ते मागे बसवा आणि मागचे पुढे आणा. इंजिनची ताकद पुढच्या चाकांना मिळणारी गाडी असली तरीही. ओल्या रस्त्यावर मागची चाकं सुटली तर गाडी फिरते आणि सावरायला वेळ मिळत नाही. पुढची सुटली तर निदान वेग कमी करून सावरता येतं. पुढे दर ८ ते १० हजार किलोमीटरला टायरची अदलाबदल करा, पण दुरुस्ती झाल्यावरच. वाकलेल्या आर्मवर अदलाबदल करत राहिलात तर चारही टायरच्या आतल्या कडा पाळीपाळीने जातील.

अलाइनमेंटचा पहिला रिपोर्ट हातात आला की डाव्या-उजव्या कॅम्बरचे आणि एकूण टोचे आकडे इथे टाका. त्यावरून स्ट्रट की आर्म, याचा बराचसा अंदाज बांधता येईल.