मीठ गेलं कुठे? आधी काटा काढा, व्याख्या नंतर

तुम्ही लिहिलंय, नऊ-दहा वर्षांच्या मुलांना मिश्रण आणि द्रावण शिकवलं, व्याख्या लिहून दिल्या, मीठ-पाणी आणि वाळू-पाणी करून दाखवलं, सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि दुसऱ्या दिवशी एकीने विचारलं, "मीठ संपलं, तर मग पाणी खारट कसं?" हे वाचून मला तर आनंदच झाला. तुमचा पुढचा तास त्या मुलीने आयता तयार करून दिलाय.

बरीच वर्षं मुलांबरोबर हे प्रयोग करून माझं एक मत पक्कं झालंय. या विषयाला सगळ्यात आधी लागतो तो वजनकाटा. ग्रॅम दाखवणारा साधा डिजिटल काटा पुरतो. ग्लास ठेवून काटा शून्यावर आणा, 100 ग्रॅम पाणी ओता, वेगळ्या कागदावर 20 ग्रॅम मीठ मोजा. आता मीठ टाकण्याआधी थांबा आणि विचारा: सगळं विरघळल्यावर काटा किती दाखवेल? प्रत्येकाला आकडा वहीत लिहायला लावा, नाहीतर हुशार मुलाचं ऐकून सगळे तेच म्हणतात. 100 लिहिणारी बरीच निघतात. दिसत नाही म्हणजे वजन नाही, असा त्यांचा सरळ हिशोब असतो.

मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा काट्यावर 118 आले. "बघा, दोन ग्रॅम संपलं!" म्हणून एकच कल्ला. मला घाम फुटला. मग मागे बसलेली एक मुलगी टेबलाकडे बोट दाखवून म्हणाली, "चमच्याला लागलंय की." ढवळून झाल्यावर मी ओला चमचा बाजूला ठेवला होता आणि त्याखाली छोटंसं तळं साचलं होतं. तेव्हापासून चमचा पहिल्यापासून ग्लासातच ठेवते आणि त्याच्यासकट काटा शून्यावर आणते. कधीकधी मात्र मुद्दाम ती चूक करते. दोन ग्रॅमचा चोर शोधताना मुलं जे शिकतात ते 120 आकडा बघून शिकत नाहीत.

दुसरी अडचण आपल्या बोलण्यातच आहे. आपण 'बर्फ विरघळला' म्हणतो आणि 'साखर विरघळली' असंही म्हणतो. पुस्तकात मात्र बर्फ वितळतो आणि साखर विरघळते. मुलांना हा फरक शब्दांनी सांगू नका. एका बशीत बर्फाचा खडा, दुसरीत मिठाचा खडा, दोन्ही तसेच ठेवा. बर्फाचं पाणी होतं, मीठ ढिम्म. मग मिठावर थोडं पाणी घाला. वितळायला एकट्याने भागतं, ऊब मिळाली की झालं. विरघळायला दोघं लागतात. मीठ एकटं वितळवायचं तर 801 अंश सेल्सिअस तापमान लागतं, हे सांगितलं की मुलं खूश होतात.

मीठ परत मिळवायचा प्रयोग तुम्ही केलेला दिसत नाही. तो कराच. गडद रंगाच्या पसरट बशीत मिठाच्या पाण्याचा पातळ थर, वर धूळ पडू नये म्हणून विरळ कापड, आणि उन्हात किंवा खिडकीत ठेवून द्या. हवेनुसार एक-दोन दिवस लागतात. आधी कडेला पांढरी रेघ येते, मग मध्ये बारीक चौकोनी स्फटिक. भिंग द्या हातात. गॅसवर आटवू नका, शेवटी शेवटी गरम मीठ तडतडून उडतं. आणि इथे साखर घेऊ नका. बशीत चिकट पाक उरतो आणि मुलांना वाटतं, प्रयोग फसला.

मीठ शक्यतो खड्यांचं घ्या. बारीक मीठ मोकळं राहावं म्हणून त्यात बऱ्याचदा दुसरं काहीतरी मिसळलेलं असतं, त्याने पाणी किंचित गढूळ दिसतं. मग "पूर्ण विरघळलंच नाही" हा वाद सुरू होतो, आणि त्यात मुलांचंच बरोबर असतं.

"किती मावतं?" हा पुढचा खेळ. साध्या तापमानाच्या 100 ग्रॅम पाण्यात मीठ साधारण 36 ग्रॅम विरघळतं, पुढचं तळाशी बसतं. खाण्याचा सोडा जेमतेम दहा ग्रॅमच्या आसपास मावतो. साखर मात्र 200 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे पाण्याच्या दुप्पट! आणखी काही मावत नाही अशा द्रावणासाठीचा संपृक्त हा शब्द इथे द्या, आधी नको. 'गरम पाण्यात जास्त विरघळतं' हे दाखवायला बहुतेक जण मीठच घेतात आणि फसतात. उकळत्या पाण्यातही मीठ जेमतेम 39 ग्रॅम जातं. लवकर विरघळणं वेगळं आणि जास्त विरघळणं वेगळं. मिठाने पहिलं दाखवा. दुसऱ्यासाठी साखर किंवा तुरटी.

मुलांना मिठाचं पाणी चाखू द्यावं का, असंही तुम्ही विचारलंय. माझा नियम: प्रयोगाच्या टेबलावरचं काहीही तोंडात नाही, मीठसुद्धा नाही. आज मीठ चाखू दिलं तर उद्या दुसरी पांढरी पूड चाखली जाते.

द्राव्य (जे विरघळतं ते), द्रावक (ज्यात विरघळतं ते), द्रावण (दोन्ही मिळून होतं ते) हे तिन्ही शब्द एका दिवशी देऊ नका, सगळे 'द्रा'ने सुरू होतात आणि शिवाय द्रव आधीच डोक्यात असतो. आधी द्रावण रुळू द्या. वाळू-पाणी, माती-पाणी गाळून, निवळून बघणं मुलांना पटकन जमतं, त्यावर वेळ घालवू नका. फक्त मिठाचं पाणीही त्याच गाळणकागदातून गाळायला लावा, म्हणजे 'गाळलं की शुद्ध' हा समज तिथेच मोडतो.

राहिलं दूध, ते द्रावण आहे की नाही हा प्रश्न. ते गाळणकागदातून जवळजवळ तसंच पांढरं उतरतं, म्हणून मुलं त्याला द्रावण म्हणून मोकळी होतात. खोलीत अंधार करा. एका ग्लासात मिठाचं निवळ पाणी, दुसऱ्यात पाणी आणि दुधाचे दोन-तीन थेंब. टॉर्चच्या तोंडावर बारीक भोक पाडलेला काळा कागद लावा आणि बाजूने बघायला सांगा. मिठाच्या पाण्यात झोत जवळपास दिसत नाही, दुधाच्या पाण्यात दिसतो, कारण तरंगणारे बारीक कण उजेड इकडेतिकडे फेकतात. असे बारीक कण तरंगत राहणाऱ्या मिश्रणासाठीचा कलिल हा शब्द त्यांना लगेच दिला नाही तरी चालेल. लेझर मात्र नको, ग्लासावरून परतून डोळ्यात जातो.