फोर-के मॉनिटर घेतोयस? खोका दुकानातच उघड

पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे जवळपास ८३ लाख पिक्सेल, चित्र बनवणारे बारीक ठिपके, असतात. एखादा बिघडलेला निघाला तर नवल नाही, आणि एकट्या ठिपक्यासाठी मॉनिटर बदलून देतीलच असं नाही. किती ठिपके चालतात ते वॉरंटीच्या अटींत असतं. कायम पेटलेल्या आणि कायम काळ्या ठिपक्यांचे नियम बरेचदा वेगळे असतात. पैसे देण्याआधी वाच.

मी नागपुरात बर्डीवर घेतला तेव्हा म्हटलं, "भाऊ, इथंच लावून दाखवा." दुकानदार कुरकुरला, पण लावला. पूर्ण पडद्यावर काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा असे सपाट रंग आण. मेलेला पिक्सेल पांढऱ्यावर दिसतो, पेटून अडकलेला काळ्यावर. दुकानाच्या झगमगाटात काळ्यावरचं दिसत नाही, म्हणून हाताचा आडोसा धर. आधी मऊ फडक्याने पूस. माझा 'मेलेला पिक्सेल' धुळीचा कण निघाला होता!

ऑनलाइन मागवलास तर खोका उघडतानाचा व्हिडिओ काढ आणि परतीची मुदत पाहून घे. लॅपटॉप जुना असेल तर मॉनिटरची केबल लावायचा पोर्टही तपास, एचडीएमआय १.४ या जुन्या प्रकारच्या पोर्टवर फोर-के ३० हर्ट्झच, म्हणजे सेकंदाला ३० चित्रंच मिळतं, माउससुद्धा अडखळतो. आणि खोका स्कूटरवर आडवा टाकून आणू नको, ऑटो कर.