चहाचा डाग नसलेले ४७ फॉर्म

गेली १९ वर्षं मी सांगलीत समुपदेशन करते. निकालांचे दिवस जवळ आले की माझ्याकडे एक काळजी हमखास येते. सुरुवात नेहमी झोपेपासून होते. "मॅडम, रात्री दोनला जाग येते ती येतेच." दोन-तीन बैठका झाल्या की खालचं वर येतं. बारावीची मुलगी सांगते, फिजिक्सच्या पेपरला पुढच्या बाकावरून दोन उत्तरं घेतली, आता कुणी हुशार म्हटलं तरी नको वाटतं. एमएस्सीचा मुलगा सांगतो, प्रयोगाची रीडिंग्ज सीनियरच्या जर्नलमधून उतरवली. एक प्राध्यापिका सांगतात, रिसर्च पेपरवर नाव आहे, पण त्यातली एक ओळही माझी नाही. प्रश्न मात्र सगळ्यांचा एकच. "सगळेच करतात, मग त्रास मलाच का होतोय? आणि आता सांगून टाकू की गप्प बसू?"

यंदा हा प्रश्न दोन महिन्यांत चौघांनी विचारला, म्हणून लिहायला बसले. ज्यांची हकिगत सांगणार आहे त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ते एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतात. वय ३९. पहिल्यांदा आले ते बायकोबरोबर, आणि बोलत होत्या त्याच. "हे रात्री उठून ओसरीत बसतात. ॲसिडिटीच्या गोळ्या चालू आहेत. पीएचडी शेवटच्या टप्प्यात आहे म्हणतात, पण हा शेवटचा टप्पा दीड वर्षं चाललाय." आपल्याकडे शिकवणाऱ्या माणसाला सर म्हणायची पद्धत आहे, तशी मीही म्हटलं, "सर, तुम्ही सांगा." ते चटकन म्हणाले, "मला सर नका म्हणू, मॅडम." हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं.

तिसऱ्या बैठकीला एकटे आले. विषय बेदाणा उत्पादकांच्या आर्थिक स्थितीचा. तासगाव भागातल्या १२० जणांना भेटून प्रश्नावल्या भरून घ्यायच्या होत्या. २०२१ च्या हंगामात काम सुरू केलं. बेदाण्याचा हंगाम फेब्रुवारी ते एप्रिल, तेवढ्यात माणसं शेडवर एकत्र सापडतात. नेमकी तेव्हाच कोरोनाची दुसरी लाट आली. गावात बाहेरच्याला घेईनात. इकडे सहामाही प्रगती अहवालाची तारीख आणि गाइडचा फोन.

"उरलेल्या घरी बसून भरल्या. दोन रात्रीत. ४७."

आकडा सांगताना त्यांनी कागद पाहिला नाही. आणि मग म्हणाले, "माझे वडील साताऱ्याला रयतच्या वसतिगृहात राहून शिकले, मॅडम. कर्मवीरांच्या 'कमवा आणि शिका'त राबून. आणि मी असा."

इथे माझं चुकलं, ते आधी सांगते. मी त्यांना धीर देत बसले. परिस्थिती तशी होती, लॉकडाऊन होतं, माणसाच्या हातून होतं. यातलं खोटं काहीच नव्हतं. ते ऐकून मान हलवून गेले आणि पुढच्या आठवड्यात आणखी ओढलेल्या चेहऱ्याने आले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी त्यांच्यातल्या नेमक्या शाबूत भागाला झोपवायला निघाले होते. हा माणूस आजारी नव्हता. एक हिशेब उघडा राहिला होता आणि तो मिटवल्याशिवाय त्याला झोप येणार नव्हती.

मी ज्या विचाराने काम करते तो अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचा, १९५५ च्या सुमारास त्यांनी मांडायला सुरुवात केलेला विवेकनिष्ठ विचार. इतक्या वर्षांत त्यातली एक गोष्ट माझ्या हाडात भिनली आहे. खंत वेगळी आणि अपराधगंड वेगळा. 'मी केलं ते वाईट' असं म्हणणारा माणूस दुरुस्तीला उठतो. 'मीच वाईट' असं म्हणणारा ओसरीत बसून राहतो, कारण वाईट माणसाने दुरुस्त तरी काय करायचं? सरांची पहिली खंत दुसऱ्या गाळात रुतली होती.

"तुम्हाला भीती नेमकी कसली वाटते?"

"कुणाला कळलं तर."

"समजा, कधीच कळणार नाही अशी खात्री दिली तर?"

बराच वेळ ते पंख्याकडे पाहत राहिले. "तरी झोप नाही यायची," ते म्हणाले.

"मग पुढच्या वेळी सगळ्या प्रश्नावल्या घेऊन या."

कापडी पिशवीतून दोन गठ्ठे आले, सुतळीने बांधलेले. मी मोठ्या गठ्ठ्यातला कुठलाही एक फॉर्म काढायला सांगितला. त्याच्या कोपऱ्यावर चहाच्या कपाचा तपकिरी गोल उमटला होता, कडा चुरगाळलेल्या, आणि समासात पेन्सिलीने काहीबाही लिहिलेलं. "हिच्याबद्दल सांगा," मी म्हटलं. पुढची वीस मिनिटं मी एक शब्द बोलले नाही. नवरा गेल्यावर शेड एकटीने चालवणारी बाई. गंधकाची धुरी द्यायची होती म्हणून तिने यांना लांब, बोअरपाशी बसवलं, तिथेच चहा पाठवला. सगळे प्रश्न संपल्यावर म्हणाली, "सौद्यात बेदाणा उधळत्यात, पायाखाली जातोय, त्यो आमचाच असतोय. ते लिव्ह की तुझ्या कागदात." फॉर्ममध्ये त्याला रकाना नव्हता, म्हणून समासात लिहिलं. आणि हे सांगताना सरांचा आवाज बदलला होता. वर्गात बसल्यासारखं मी ऐकत होते.

मग मी लहान गठ्ठ्याकडे बोट दाखवलं. "आता यातल्या एकाबद्दल सांगा."

त्यांनी एक फॉर्म काढला, मग दुसरा, मग तिसरा. सगळे कोरेकरकरीत. एकच निळं पेन, बरोबरच्या खुणाही एकाच वळणाच्या. समास रिकामे. पाच-सहा फॉर्म पाहून झाल्यावर त्यांनी हातातला कागद टेबलावर पालथा ठेवला.

"इथं कुणीच नाहीये, मॅडम."

मी थांबले. अशा वेळी समुपदेशकाने बोलायचं नसतं, हे शिकायला मला बरीच वर्षं लागली. बाहेर कॉलेज कॉर्नरकडे जाणाऱ्या रिक्षांचे हॉर्न ऐकू येत होते. मग तेच म्हणाले, "मला इतके दिवस वाटत होतं मी विद्यापीठाला फसवलं. पण ही ४७ नावं खरी आहेत. यांच्या तोंडचं मी माझ्या मनाने लिहिलं."

त्या एका वाक्यात चार महिन्यांचा गाळ हलला. तोवर त्यांचा प्रश्न 'माझं काय होईल' हा होता. आता तो 'यांचं मी काय केलं' असा झाला. पहिल्या प्रश्नाला उत्तर नसतं, नुसती धडधड असते. दुसऱ्याला उत्तर असतं आणि ते कामाच्या स्वरूपात असतं. त्या दिवशी घरी जाताना मला फार समाधान वाटलं, हे लपवत नाही.

पुढच्या बैठकीला ते आपणहून तक्ते घेऊन आले. 'शीतगृहाच्या भाड्याबद्दल समाधानी आहात का?' या प्रश्नाला खोट्या फॉर्मांवर त्यांनी बहुतेक ठिकाणी 'समाधानी'वर खूण केली होती. मधलं, बिनधोक उत्तर म्हणून. खऱ्या ७३ जणांतले बहुसंख्य सांगत होते की भाडं आणि मालाच्या पावतीवर काढलेल्या कर्जाचं व्याज यातच नफा जातो. एकत्र बेरजेत ती तक्रार पातळ झाली होती. उद्या कुणी या प्रबंधाचा आधार घेऊन 'शेतकरी समाधानी आहेत' असं लिहिलं असतं, तर त्या बाईच्या समासातल्या ओळीवर पाणी पडलं असतं.

इथे थोडं विषयांतर करते, कारण हे मला फार लागतं. आपल्याकडे संशोधनातला प्रामाणिकपणा म्हणजे आता टक्केवारी झाली आहे. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या वाङ्मयचौर्याबद्दलच्या नियमांचे आकडे प्रत्येक संशोधकाला पाठ असतात. दुसऱ्याच्या लिखाणाशी साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. १० ते ४० असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं, ४० ते ६० असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध सादर करता येत नाही, ६० च्या वर गेलं तर नोंदणी रद्द. नियम हवेच होते. पण सॉफ्टवेअर शब्दाला शब्द जुळतो का ते बघतं. कधी न झालेली मुलाखत त्याला सापडत नाही. सरांचा अहवाल सहा टक्के आला होता आणि सगळ्यांनी त्यांचं अभिनंदन केलं होतं. त्या दिवसापासून तर झोप पुरतीच उडाली.

गाइडना सांगायचं कसं, याची तयारी आम्ही दोन बैठका केली. ही तयारी मी प्रत्येकाकडून करून घेते, कारण बहुतेकजण कबुली द्यायला जातात आणि पायावर लोटांगण घालून येतात. समोरचा घाबरतो आणि प्रकरण दडपायला बघतो. सरांनी शेवटी एवढंच ठरवलं: "सर, ४७ प्रश्नावल्या प्रत्यक्ष भेटीतून भरलेल्या नाहीत. त्या मी रद्द करतोय. नमुना ७३ धरायचा की नव्याने भेटी घ्यायच्या, एवढं सांगा." यात चूक आहे, जबाबदारी आहे आणि पुढचं पाऊलही आहे. रडणं नाही. गाइड आधी म्हणाले, "कशाला उकरून काढता? कोण बघतंय?" दोन दिवसांनी त्यांचाच फोन आला. मुदतवाढीचा अर्ज करा, हंगाम धरा.

फेब्रुवारीत सर पुन्हा शेडवर गेले. त्याच ४७ नावांच्या शोधात. त्यातलं एक नाव एका वस्तीवर विचारलं तर मुलगा बाहेर आला. वडील सप्टेंबर २०२० मध्येच गेले होते, कोरोनात. सरांच्या जुन्या फॉर्मवर तारीख होती मार्च २०२१. हे सांगायला ते माझ्याकडे वेळ न घेता आले. "त्या पोराला सांगितलं मी, तुझ्या वडिलांच्या नावाने मी खोटं लिहिलं होतं. तो म्हणाला, बसा, माझं लिहून घ्या." तो फॉर्म त्यांनी जपून वेगळा ठेवला आहे.

३१ जण भेटले. नमुना १०४ झाला. संशोधनपद्धतीच्या प्रकरणात त्यांनी साध्या शब्दांत लिहिलं की मूळ ४७ नोंदी प्रत्यक्ष मुलाखतीतून आलेल्या नसल्याने वगळल्या आणि दुसऱ्या हंगामात नव्या भेटी घेतल्या. याची किंमत पडली. वर्ष गेलं, एका कॉलेजची मुलाखत हुकली, घरात कुरबुर झाली. खरं बोललं की सगळं सुरळीत होतं असं मी कुणालाही सांगत नाही.

आता तुमच्यापैकी जे याच जागी असतील त्यांच्यासाठी. प्रबंध अजून दिला नसेल तर तुमच्या हातात भरपूर आहे. वगळा, पुन्हा करा, नमुना लहान झाला तर लहान लिहा. वेळ संपत आली म्हणून घाबरू नका. यूजीसीच्या २०२२ च्या पीएचडी नियमांखाली नोंदणी असेल तर सहा वर्षांनंतर पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षं मिळू शकतात. पेपर छापून गेला असेल तर संपादकांना पत्र लिहून दुरुस्ती करता येते, पेपर मागेही घेता येतो. त्याने नाव जातं असं समजू नका. फ्रान्सिस अर्नोल्ड यांना २०१८ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. २०१९ मधला त्यांच्या गटाचा एक पेपर, प्रयोग पुन्हा जुळेना आणि वहीतल्या नोंदी अपुऱ्या निघाल्या म्हणून, जानेवारी २०२० मध्ये मागे घेतला गेला. त्यांनी ते स्वतः जाहीर केलं आणि आपलं लक्ष कमी पडलं हेही मान्य केलं. पदवी हातात येऊन गेली असेल तर मात्र प्रश्न जड आहे. नियमांत पदवी स्थगित होण्याचीही तरतूद आहे. तिथे घाईने काही करू नका, जाणकाराचा सल्ला घ्या, पण एक स्वतःला विचारा: कबुली मला हलकं वाटावं म्हणून देतोय, की ज्याचं बिघडलं त्याचं नीट व्हावं म्हणून? नुसत्या हलकं होण्यासाठी दिलेली कबुली दुसऱ्याच्या डोक्यावर ओझं ठेवून येते.

आणि बारावीच्या मुलामुलींच्या आईवडिलांना कळकळीने सांगते, पोरगं असं काही सांगायला आलं तर "गप्प बस, कुणाला बोलू नकोस" हे पहिलं वाक्य तोंडून काढू नका. आधी ऐका. ते सांगायला आलं, याचा अर्थ तुम्ही त्याला नीट वाढवलंय.

सरांचा प्रबंध जूनमध्ये सादर झाला, व्हायवा व्हायचा आहे. मागच्या महिन्यात ते आले ते एमकॉमच्या मुलांच्या प्रोजेक्टचे फॉर्म दाखवायला. प्रत्येक फॉर्मच्या पाठीमागे, त्या घराच्या दारात काय दिसलं ती एक ओळ लिहून आणायची, असा नियम त्यांनी केला आहे. सगळ्यात वरच्या फॉर्ममागे एका मुलीने लिहिलं होतं: 'दारात रिकामे क्रेट, बांधलेलं कुत्रं. आजी म्हणाल्या, आधी पाणी पी, मग विचार.'