वाचकांचे प्रश्न : एडलवाइसची रुपेरी पाने हिरवी का पडतात?

प्रश्न : रॉक गार्डनमध्ये (दगडांच्या बागेत) लावलेल्या एडलवाइस या डोंगरी फुलझाडाची पाने पहिल्या वर्षी सुंदर रुपेरी होती. आता ती हिरवट झाली आहेत आणि फुलांचे देठ लांबून आडवे पडतात. हिवाळ्यातील पावसात काही रोपे बुडाशी कुजूनही गेली. खत कमी पडते आहे, की त्यांना थंडी सोसत नाही?

उत्तर : आपल्या वर्णनावरून दोन्ही शंका खऱ्या वाटत नाहीत. रोपांना पोषण कमी नव्हे, तर गरजेपेक्षा अधिक मिळत असावे. आणि जी कुजली ती थंडीने नव्हे, तर साचलेल्या ओलीने गेली असावीत. आल्प्स पर्वतात हे रोप साधारण १८०० ते ३००० मीटर उंचीवर, प्रामुख्याने चुनखडीच्या खडकाळ उतारांवर वाढते. तेथे माती मूठभर असते, ऊन प्रखर असते आणि हिवाळाभर बर्फाची कोरडी चादर रोपाला जपते. असे रोप गोठवणाऱ्या थंडीला डगमगत नाही, मात्र आठवडेच्या आठवडे भिजत राहणे त्याला मुळीच मानवत नाही.

पानांचा रुपेरीपणा हा रंग नसून त्यांच्यावरील दाट लवेचा परिणाम आहे. ही लव वाऱ्यात पानांतील पाणी उडून जाऊ देत नाही आणि उंचीवरील तीव्र अतिनील किरण शोषून घेते. आपण ज्यांना फुलाच्या पाकळ्या समजतो तीदेखील लवेने झाकलेली छदे, म्हणजे फुलांभोवतीची पाने असतात. खरी फुले मधल्या लहानशा पिवळसर गुच्छांत असतात. कसदार मातीत, विशेषतः नत्र भरपूर असताना किंवा सावलीत, पाने भराभर मोठी होतात, लव विरळ पडते आणि खालचा हिरवा रंग दिसू लागतो. म्हणून पाने फिकी हिरवी दिसताच खत घालण्याचा जो सल्ला सर्रास दिला जातो, तो या रोपापुरता तरी मला पूर्णपणे चुकीचा वाटतो.

वसंत ऋतूच्या सुरुवातीला रोपे उचलून वाफा नव्याने भरावा. एक भाग बागेची माती, एक भाग कुजलेला पालापाचोळा आणि दोन भाग तीन ते सहा मिलिमीटरची खडी असे मिश्रण पुरेसे होते. त्यात चुनखडीची थोडी कच मिसळल्यास उत्तमच, कारण या रोपाला आम्लधर्मी माती रुचत नाही. वाफ्याला उतार द्यावा आणि दगड मागच्या बाजूस किंचित कलते बसवावेत, म्हणजे पावसाचे पाणी मुळांकडे खोल जाते व रोपाभोवती थांबत नाही. मुळे आणि पाने जिथे जुळतात त्या भागाभोवती खडीचा दोन-तीन सेंटिमीटर थर अवश्य द्यावा. कुजण्याची सुरुवात नेमकी तिथेच होते, म्हणून इतर कशात हयगय झाली तरी या थरात होऊ नये. पाणी वाढीच्या काळात मुळाशी द्यावे, पानांवर ओतू नये. हिवाळा बर्फाऐवजी पावसाचा असेल, तर रोपांवर काचेचे तिरपे छप्पर धरावे, परंतु बाजू उघड्या ठेवाव्यात. कोंडलेली दमट हवा पावसाइतकीच घातक ठरते. लंडनजवळच्या क्यू उद्यानात २००६ साली उघडलेल्या अल्पाइन, म्हणजे उंच पर्वतांवरील वनस्पतींच्या काचघरात जमिनीखालून थंड हवा खेळवण्याची व्यवस्था आहे, यावरून अशा वनस्पतींना वाहती हवा किती महत्त्वाची आहे हे ध्यानात येईल.

प्रश्न : एडलवाइस बियांपासून वाढवावे की गड्डे फोडून?

उत्तर : दोन्ही मार्ग चालतात. हे रोप बहुवर्षायू असले तरी दीर्घायुषी नाही, म्हणून दर दोन-तीन वर्षांनी गड्डा विभागून नवी रोपे करावीत. बी फार बारीक असते आणि रुजायला त्याला प्रकाश लागतो; ते ओलसर, भरड मिश्रणावर नुसते पसरावे, मातीने झाकू नये. पेरणीनंतर काही आठवडे थंडी मिळाल्यास उगवण अधिक चांगली होते.

प्रश्न : रॉक गार्डनमधील सॅक्सिफ्रागा पॅनिक्युलाटा या लहानशा डोंगरी वनस्पतीच्या पानांच्या कडांवर पांढरे कण दिसतात. ही बुरशी आहे का? औषध फवारावे का?

उत्तर : फवारू नये, हा रोग नाही. या वनस्पतीच्या पानांच्या कडांवर पाणी बाहेर टाकणारी सूक्ष्म छिद्रे असतात. मुळांनी शोषलेल्या पाण्यातील चुना या छिद्रांतून बाहेर येतो, पाणी उडून जाते आणि कॅल्शियम कार्बोनेटचे कण कडेला साचतात. तिचा रुपेरीपणा याच कणांमुळे असतो. एडलवाइसप्रमाणे तो लवेवर अवलंबून नसतो. कण पुसून काढू नयेत. बुरशीची शंका असेल तर भिंगातून पाहावे: चुन्याचे कण कडेने एकेका छिद्रावर ओळीने बसलेले दिसतात, बुरशी मात्र पानभर अनियमित पसरते. फुलून गेलेला पानांचा झुबका वाळतो, तेही स्वाभाविक आहे. भोवती नवे झुबके आलेले असतात, त्यांना धक्का न लावता वाळलेला भाग बुडाशी कापून टाकावा.