शिरपूरला रिकोटा, फेटा, मोझरेला चीज मिळत नाही, घरी काय करता येईल?

माझं सगळ्यात आवडतं चीज रिकोटा, आणि त्यासाठी तर घरी येणारं दूधच पुरतं. इटलीत ते चीजच्या उरलेल्या पाण्यापासून करतात, घरी सरळ दुधाचं करा. एक लिटर म्हशीचं दूध उकळी फुटायच्या बेतात आलं की गॅस बंद करून दोन चमचे लिंबाचा रस घाला, एकदाच हलकं ढवळा आणि दहा मिनिटं हात लावू नका. मग सुती फडक्यात फक्त निथळू द्या. पिळलं किंवा वर वजन ठेवलं की पनीर झालंच म्हणून समजा. भरिताच्या वांग्याच्या गरम भरितावर हे घालून कळण्याच्या भाकरीशी खाऊन बघाच, फार सुरेख लागतं.

क्रीम चीजऐवजी मीठ घातलेला चक्का चालतो. फेट्यासाठी पनीरचे तुकडे रात्रभर मिठाच्या पाण्यात, फ्रिजमध्ये. खारटपणा येतो, आंबटपणा मात्र कमीच.

मोझरेलाला पर्याय शोधू नका. पनीर कितीही तापवलं तरी वितळत नाही, तार सुटणं तर दूरच. धुळ्या-जळगावला गेलात की पाकीट आणा, किसून फ्रीजरमध्ये ठेवा. रिकोटाच्या निथळलेल्या पाण्यात कणीक भिजवा, पोळ्या मऊ होतात.