बोट घ्या, पण आधी रूट बघा

प्रश्न : आईबाबांना गालापागोसला (इक्वाडोरची पॅसिफिकमधली बेटं) न्यायचंय, बाबा पक्के बर्डवॉचर आहेत. आठ दिवसांची क्रूझ घ्यावी की सांताक्रूझ बेटावर हॉटेल घेऊन डे टूर कराव्यात? आईला बोट लागते हा मोठा प्रश्न आहे. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : क्रूझच घ्या. फक्त केबिन नंतर बघा, आधी रूट बघा, त्यात फर्नांदिना बेट आणि इसाबेला बेटाचा पश्चिम किनारा आहे ना हे एजंटला स्पष्ट विचारा, कारण फर्नांदिनावर वस्तीच नाही, हॉटेल वगैरे काही नाही आणि माझ्या मते गालापागोसमध्ये एकच बेट बघायचं तर हेच. जिवंत ज्वालामुखी आहे, मार्च 2024 मध्येच उद्रेक झाला होता.

तिथे काळ्या लाव्हावर पाय ठेवला की आधी कळतच नाही, जो खडक वाटतो तो समुद्री इग्वानांचा, म्हणजे घोरपडीसारख्या सरड्यांचा ढीग असतो, शेकडो जण एकमेकांच्या अंगावर पाय टाकून उन्हात पडलेले. हे समुद्रात बुडी मारून शेवाळ खातात आणि अंगातलं जास्तीचं मीठ नाकातून फुर्रकन शिंकून टाकतात, ते डोक्यावर पडून वाळतं आणि पांढरी टोपी घातल्यासारखं दिसतं. बाबांना तर तिथून हलवणं कठीण जाईल, कारण तिथे न उडणारा पाणकावळा आहे! जगात फक्त फर्नांदिना आणि इसाबेलावर. आपल्याकडचा पाणकावळा तळ्याकाठी पंख पसरून वाळवत बसतो ना, तस्साच हाही बसतो पण पंख एवढेसेच, झिजलेल्या केरसुणीसारखे. नर चोचीत शेवाळ धरून घरट्यावरच्या मादीला आणून देतो, ते शांत बसून बघा. विषुववृत्तावरचे पेंग्विनही बहुतेक तिथेच, खालून येणारा थंड क्रॉमवेल प्रवाह या बेटांवर आपटून वर येतो म्हणून पाणी गार आणि मासे भरपूर.

अल्बाट्रॉस हा मोठा समुद्रपक्षी हवा असेल तर एस्पान्योला बेट, पण ते पार दुसऱ्या टोकाला, एका आठवड्यात दोन्ही टोकं सहसा बसत नाहीत.

आईंसाठी एप्रिल-मे बघा, तेव्हा समुद्र बराच शांत असतो, ऑगस्ट-सप्टेंबर नकोच. केबिन बोटीच्या मध्यावरची आणि खालच्या डेकवरची घ्या, गोळ्या डॉक्टरांना विचारून न्या. काही ठिकाणी छोट्या होडीतून गुडघाभर पाण्यात उतरावं लागतं हे त्यांना आधीच सांगून ठेवा. गाइडशिवाय फिरता येत नाही, एका गाइडमागे जास्तीत जास्त 16 जण, प्राण्यांपासून 2 मीटर लांब. ऑगस्ट 2024 पासून परदेशी प्रौढांना गालापागोस नॅशनल पार्कची फी 200 डॉलर आहे, ती बजेटमध्ये धरा.

आणि हो, बॅगेत फळं, बिया, मोड आलेली कडधान्यं अजिबात नको, एअरपोर्टवर तपासतात आणि तपासायलाच हवं, माणसांनी नेलेला साधा पेरू तिथे डोंगरच्या डोंगर व्यापून बसलाय आणि मूळची झाडं त्याच्याखाली दबून गेलीत.