अक्षरजिज्ञासा : चपलेच्या खोक्यावरील तिरके अक्षर

प्रश्न : महाद्वार रोडवर आमचे कोल्हापुरी चपलांचे दुकान आहे. नव्या खोक्यावर दुकानाचे नाव मराठीत व इंग्रजीत छापायचे आहे. छापखान्याने इंग्रजीसाठी ठळक इटॅलिक सेरिफ (रेघांच्या टोकांना पावले असलेले) अक्षर सुचवले असून मराठी नावही तितकेच तिरके करून दाखवले आहे. ते ठेवावे का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : इंग्रजी नावासाठी ही सूचना उत्तम आहे. मराठी नाव मात्र सरळच ठेवावे, असा माझा आग्रह राहील.

इटॅलिक म्हणजे नुसते कललेले अक्षर नव्हे. इटलीतील भरभर लिहिण्याच्या हस्ताक्षरावरून ते घडले. व्हेनिसचे मुद्रक आल्डस मानुशियस यांनी फ्रान्चेस्को ग्रिफो यांच्याकडून त्याचे साचे कोरून घेतले आणि १५०१ मध्ये व्हर्जिलचे काव्य त्यात छापले. कोल्हापूर संस्थानची मोडी कागदपत्रे ज्यांनी पाहिली असतील, त्यांना हाताच्या वेगाने अक्षराचे वळण कसे पालटते हे वेगळे सांगायला नको. मोडी स्वतंत्र लिपी म्हणून नांदली, इटॅलिक मात्र सरळ रोमन अक्षराच्या जोडीला राहिले. म्हणूनच खऱ्या इटॅलिकमध्ये इंग्रजी लहान ‘ए’चे (a) दुमजली, म्हणजे पोटावर वळलेली कमान असलेले, रूप जाऊन एकच गोलाकार पोट उरते, ‘एफ’चे शेपूट बहुधा ओळीखाली उतरते आणि सेरिफची पावले लेखणीच्या फटकाऱ्यासारखी होतात. छापखान्याने दाखवलेल्या नमुन्यात ‘ए’ दुमजलीच असेल, तर बहुधा संगणकाने सरळ अक्षर नुसते ढकलले आहे. ते घेऊ नये.

ठळकपणा आणि कल एकत्र आले की अक्षराला जोर व गती दोन्ही मिळतात. नाव, मथळा, एखादा महत्त्वाचा शब्द यांना ते शोभते; चपलेची निगा सांगणारा परिच्छेद त्यात छापल्यास डोळा थकतो, शिवाय लहान आकारात इंग्रजी ‘ई’ (e) आणि ‘ए’ (a) यांची पोटे शाईने भरून जातात.

बोदोनी या इंग्रजी अक्षरसंचाच्या ठळक इटॅलिकमध्ये जाड आणि बारीक रेघांतला फरक फार मोठा असतो. गुळगुळीत कागदावर ते देखणे दिसते, पण खरखरीत तपकिरी पुठ्ठ्यावर बारीक रेघा तुटतात आणि चामड्यावरच्या ठशात त्या उठतच नाहीत. तुमच्या कामाला अक्षररचनाकार मॅथ्यू कार्टर यांच्या जॉर्जिया या अक्षरसंचासारखे, बारीक रेघाही भरीव असलेले अक्षर अधिक टिकेल.

आता मराठी नाव. देवनागरी तिरकी केली की शिरोरेषा आडवीच राहते, काना व दंड तेवढे कलतात, आणि बोरूच्या कापातून आलेली जाड-बारीक वळणे विस्कटतात. दोन्ही नावांचा मेळ कलाने नव्हे, तर वजनाने साधावा : जाड-बारीक रेघांचे ठळक देवनागरी अक्षर निवडावे, त्याचा आकार इंग्रजी नावाशेजारी डोळ्यांनी ठरवावा आणि त्याच पुठ्ठ्यावर एक नमुना छापून घेतल्याशिवाय मोठी मागणी देऊ नये.